दक्षिण गोलमागची हरळी

पेलायोला कुठल्याही देशाबद्दल विचारा, तो तिथल्या राजवाड्यांबद्दल बोलणार नाही, जेवणाबद्दल तर नाहीच नाही. तो तिथल्या गवताबद्दल बोलेल. सोळा वर्षांत सात देश आणि अकरा क्लब पालथे घातले गड्यानं, पण पाहिलं काय, तर खेळाचं मैदान, आणि तेही बहुतेक वेळा पडल्यावर, अगदी जवळून. फुटबॉलमध्ये लेफ्ट बॅकच्या नशिबी पडणं फार. सायप्रसमधली जमीन इतकी टणक, की गुडघ्याचं सालटं निघायचं. हंगेरीत ती दंवानं गोठलेली असायची. फिनलंडमध्ये तर गवतच नव्हतं, प्लास्टिक होतं, आणि त्याचं नाव काढलं की तो आजही तोंड वाकडं करतो. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर, आस्तुरियासमध्ये, त्याच्या स्वतःच्या गावी निव्वळ चिखल होता. पण तो घरचा चिखल, त्याला नावं ठेवलेली पेलायोला खपत नाहीत.

तुम्ही त्याचं नाव ऐकलेलं नसणार. तो कधी मोठा खेळाडू नव्हताच. पेपरात त्याचं नाव दोनदा यायचं, क्लबमध्ये आला तेव्हा आणि क्लब सोडला तेव्हा. सोडल्याची बातमी तर कधीकधी छापायचीही राहून जायची. त्याच्यात एक मोठा गुण होता आणि खरं सांगायचं तर तोच त्याचा दोष होता. तो कुणालाही नाही म्हणत नसे. उजवीकडे खेळ म्हटलं, खेळला. दुखऱ्या गुडघ्यानं खेळ म्हटलं, तसाही खेळला. 'पुढच्या वर्षी तुझी गरज नाही' असं सांगितलं, तेव्हाही मान डोलावून, सगळ्यांशी हात मिळवून तो सामान बांधायला घरी गेला.

त्याच्या प्रत्येक करारावर शेवटची तारीख असायची. नवा करार झाला, की त्याची बायको नुरिया एकच प्रश्न विचारी, "कधीपर्यंत?" पगार किती, गाव कसं, समुद्र आहे का, हे सगळं नंतर. उत्तर ऐकून ती पडदे बाहेर काढायची. पांढऱ्यावर निळ्या रेघांचे ते पडदे तिच्या आईनं दिलेले. प्रत्येक देशात खिडक्यांची उंची निराळी, म्हणून ती खालची पट्टी दुमडून नुसता कच्चा टाका घालायची. पुढच्या घरी टाका उसवला, की पडदा पुन्हा मोकळा. अशी सोळा वर्षं कच्च्या टाक्यांवर निघाली.

या सगळ्या फिरतीत त्याला मनापासून आवडलेलं गवत एकच, पुण्याचं. तिथे तो एकच हंगाम खेळला. तिथलं मैदान पायाला धरून ठेवायचं आणि पडलं तर झेलायचं. एके सकाळी सरावाला आला, तर मैदान राखणारे काका कडेला उकिडवे बसून गवताचे शेंडे खुडताना दिसले. पेलायोला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काकांनी नाकासमोर हाताची सोंड करून दाखवली, आभाळाकडे बोट केलं आणि तीन पात्यांचा एक शेंडा त्याच्या तळहातावर ठेवला. "हरळी," ते म्हणाले. तेवढा शब्द पेलायोच्या डोक्यात पक्का बसला. बाकीचं पुणं त्याला आता धूसर आठवतं.

पस्तिसाव्या वर्षी तो जर्मनीत हॅनोव्हरला आला, चौथ्या दर्जाच्या एका संघात. दोन हंगामांनी गुडघ्यानं कायमचा राजीनामा दिला. परत जायचं तर कुठे जायचं हे दोघांनाही सुचेना, म्हणून ते इथेच राहिले. नुरियाला एका बेकरीत काम मिळालं, हा एका गोदामात खोकी लावू लागला. वर्षभरानं मैदान राखण्याचा कोर्स केला, पोराटोरांच्या वर्गात बसून. आणि यंदाच्या एप्रिलात शहराच्या उत्तरेकडच्या एका जुन्या क्लबनं त्याला प्लाट्सवार्ट म्हणून घेतलं. म्हणजे गवत कापायचं, पाणी घालायचं, रेघा मारायच्या. सहा महिन्यांचा करार, तीस सप्टेंबरपर्यंत. पुढचं नंतर बघू, असं क्लबच्या अध्यक्षा फ्राऊ ल्युडर्स म्हणाल्या. या बाई निवृत्त गणित शिक्षिका, आणि क्लब चालवायच्या तोही वर्गासारखाच.

पेलायोनं ते मैदान असं काही सांभाळलं, की पाहुणे संघ बूट घालायच्या आधी अनवाणी चालून बघायला लागले. आयुष्यात पहिल्यांदाच तो एखाद्या मैदानावर न पडता सुखात होता. हे काम आपल्याकडे राहावं, असं त्याला इतकं वाटत होतं, की ते बोलून दाखवायचीही भीती वाटे.

आणि एवढं सगळं सुरळीत असताना त्यानं एक उद्योग करून ठेवला होता. दक्षिणेकडच्या गोलमागे विटांची भिंत आहे. तिच्या पायथ्याचा दहा पावलांचा पट्टा उन्हानं भाजून निघतो, तिथे काही उगवत नसे. मे महिन्यात पेलायोनं ऑनलाइन एक बियाण्याचं पाकीट मागवलं आणि तिथे हरळी पेरली. कुणाला विचारलं नाही. उन्हाळा कडक पडला आणि हरळी अशी फोफावली, की बघत राहावं. रोज काम संपलं, की तो बूट काढून पाच मिनिटं त्या पट्ट्यावर उभा राही.

सप्टेंबरात एका शुक्रवारी फ्राऊ ल्युडर्स हातात वही घेऊन फेरी मारायला आल्या. सोमवारी त्या कराराचं सांगणार होत्या. सगळीकडे त्यांनी बरोबरच्या खुणा केल्या, आणि भिंतीपाशी येऊन थांबल्या.

"हे काय तण माजलंय? सोमवारपर्यंत हे गेलं पाहिजे."

"या," पेलायो म्हणाला. जर्मनमध्ये 'हो' म्हणायला एवढंसं पुरतं, आणि सोळा वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, क्लबचा हॉल तिथल्या मराठी मंडळानं गणपतीसाठी घेतला होता. पेलायो सकाळी रविवारच्या सामन्यासाठी रेघा मारत होता. मान वर करून पाहतो तो काय, नऊवारीतल्या एक आजी गोलमागे चक्क मांडी घालून बसलेल्या! हातातलं यंत्र टाकून तो लंगडत धावला. मागून पंचविशी-तिशीची एक मुलगी पळत येत होती. ती मीनल, मंडळाची सेक्रेटरी, आणि आजी म्हणजे तीन महिन्यांसाठी आलेल्या तिच्या सासूबाई, विभावरीबाई.

"अहो आई, उठा ना प्लीज! ग्राउंडवर यायचं नाही म्हणून चांगला मोठा बोर्ड लावलाय. तो बघा, प्लाट्सवार्ट येतोय!"

"येऊ दे. अगं, चार वर्षं बागेतलं कसलं तरी गवत वाहताय ना देवाला? ही बघ. हरळी आहे ही, खरी हरळी!"

पेलायो धापा टाकत थांबला. "हरळी," तो म्हणाला. मग त्यानं नाकासमोर हाताची सोंड करून दाखवली.

मीनलचा आ वासला. आजींना मात्र काहीच नवल वाटलं नाही. "येतंय की याला मराठी," त्या म्हणाल्या आणि पुढचा शेंडा खुडला.

मीनलनं जर्मनमध्ये माफी मागितली. एकवीस जुड्या घेतल्या तर चालतील का, असंही विचारलं. पेलायो म्हणाला, सगळीच न्या, सोमवारच्या आत मी हे खणून काढणार आहे. नांगरायच्या यंत्रानं हा पट्टा उलथून मग तेच यंत्र मोठ्या मैदानाच्या उघड्या जागांवर फिरवायचं, असा त्याचा बेत होता. मीनलनं ते मराठीत सांगितल्यावर आजी हसत सुटल्या.

"खणून? अरे बाबा, बारामतीला आमच्या मळ्यात माझे सासरे तीस वर्षं हरळी खणत होते. ते गेले, हरळी आहे तिथेच आहे! एका मुळीचे दहा तुकडे केलेस, की दहा ठिकाणी उगवते. आणि तुझं ते मशीन फिरवलंस ना, तर सगळं ग्राउंड हरळीचं झालं म्हणून समज. तिला कडेनं खोल फळी घालावी आणि नांदू द्यावी."

मीनल भाषांतर करत गेली, तसा पेलायो वळून मोठ्या मैदानाकडे बघू लागला. सहा महिने पोटच्या पोरासारखं जपलेलं मैदान तो स्वतःच्या हातानं, केवळ 'हो' म्हणालो म्हणून, नासवणार होता. आजींनी मात्र फक्त शेंडे खुडले, मुळाला हात लावला नाही, आणि उठताना आधाराला त्याचाच खांदा धरला.

संध्याकाळी आरतीला फ्राऊ ल्युडर्सनाही बोलावणं होतं. त्या मंडपासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी मूर्तीच्या डोक्यावरच्या जुडीकडे बोट करून मीनलला काहीतरी विचारलं. मीनलचं उत्तर ऐकून त्यांनी मान वळवली आणि दारात उभ्या असलेल्या पेलायोकडे पाहिलं. पेलायोच्या हातात मोदक होता. तो तसाच राहिला. (नंतर त्यानं तीन खाल्ले. भीती असली, तरी भूक ती भूक.)

रविवारभर तो घरात येरझाऱ्या घालत होता. शेवटी नुरिया वैतागली. "सोळा वर्षं सगळ्यांना हो म्हणालास. कुणी ठेवून घेतलं का त्यासाठी?"

सोमवारी सकाळी आठला फ्राऊ ल्युडर्स भिंतीपाशी आल्या. हरळी जागच्या जागी होती.

"सोमवारपर्यंत जायला हवं होतं हे. तुम्ही हो म्हणाला होतात."

"चुकलो," पेलायो म्हणाला. "तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणतो. हे मीच लावलंय, न विचारता लावलंय, आणि मी हे खणणार नाही. खणलं तर सगळं मैदान जाईल. कडेनं फळी घालतो. तेवढंच करेन." एवढं लांब जर्मन तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला होता, आणि तेही नाही म्हणायला.

फ्राऊ ल्युडर्स वाकल्या. त्यांनी हरळीची एक मुळी ओढून पाहिली, ती हलली नाही. "त्या आजींनी विचारलं, पुढच्या वर्षी हाच हॉल आणि हेच गवत मिळेल का. मी म्हटलं, गवत असेल की नाही ते प्लाट्सवार्टला विचारावं लागेल." त्या सरळ झाल्या. "फळी किती खोल?"

"चाळीस सेंटीमीटर."

"बरोबर. याच आठवड्यात," त्या म्हणाल्या, वहीतून एक पाकीट काढून त्याच्या हातात दिलं आणि ऑफिसकडे निघून गेल्या.

पाकिटात करार होता. पेलायोनं सवयीनं शेवटची तारीख शोधली. सुरुवात होती, एक ऑक्टोबर. पुढची जागा कोरी होती. त्यानं पान उलटलं, मागेही काही नव्हतं. बाई गडबडीत विसरल्या, असं वाटून तो प्रामाणिकपणे ऑफिसात गेला.

"फ्राऊ ल्युडर्स, तारीख लिहायची राहिलीय."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मी चाळीस वर्षं गणित शिकवलंय. माझं काही राहत नाही."

बाहेर येऊन, त्या हरळीवरच उभं राहून, त्यानं नुरियाला फोन लावला. करार मिळाला, म्हणाला. पलीकडून तिनं विचारलंच, "कधीपर्यंत?"

"लिहिलेलंच नाही."

"नीट बघ. मागच्या बाजूला असेल."

"बघितलं. मागेही नाही. विचारूनही आलो."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, आणि नुरियानं नाक पुसल्याचा.

"येताना निळा दोरा घेऊन ये," ती म्हणाली. "पडद्यांना आज पक्की शिवण घालते."