वास येतोय का?

शेजारच्या काकूंनी जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवून घेतली आहे. दर महिन्याला त्या कुठेतरी निघतातच. निघण्याआधी द्वारका चौकाजवळच्या दुकानातून गॅसची छोटी टाकी भरून आणतात, जोडावर साबणाचा फेस लावून बघतात, टाकी पट्ट्याने आवळून उभी ठेवतात. तरीही वाटेत सारखं विचारतात, "वास येतोय का गं?"

मागच्या महिन्यात आम्ही दोघी इगतपुरीला निघालो होतो. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी वैतागले. "नाही हो काकू. गाडीकडे लक्ष द्या ना."

घोटीच्या अलीकडे वास मलाच आला.

काकूंनी गाडी कडेला घेतली. "उतर. कुठल्याही बटणाला हात लावू नकोस." त्यांनी सगळी दारं उघडली, रेग्युलेटर काढला, पण फुसफुस थांबेना. तेव्हा टाकी उचलून त्या माळावर दूर ठेवून आल्या. बिडी ओढत एक टेम्पोवाला जवळ आला. "काय झालं मावशी?"

"मागं हो! बिडी विझव आधी!"

टाकी रिकामी होईपर्यंत त्यांनी कुणाला तिकडे फिरकू दिलं नाही. मग गाडीत येऊन बसल्या.

"काकू, घरी जाऊ या का?"

"घरी?" त्या म्हणाल्या. "घरी मला झोप येत नाही गं. लागते ती या गाडीतच."

आणि त्यांनी गाडी इगतपुरीकडेच काढली.