चादरीमागची आई

आमच्या बाबांना सगळे 'मशीनवाले' म्हणायचे. थिएटरात ऑपरेटर होते. कुठलं जुनं प्रोजेक्टर भंगारात निघालं की यांच्या जिवाची नुसती घालमेल. हाताने दांडा फिरवायचं असो, नाहीतर कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडणारं असो, ते मोडीत जायच्या आधी हे त्याचा फोटो काढणार म्हणजे काढणार. पोटच्या पोरीचा एक फोटो नाही, मशीनचे मात्र शंभर!

मागची भिंत कळकट, त्यात सुटे भाग उठून दिसायचे नाहीत. म्हणून आई स्टुलावर चढून मशीनमागे पांढरी चादर धरायची. हात भरून आले तरी हूं की चूं नाही. मी चार वर्षांची असताना ती तापाने गेली. तिचा एकही फोटो नाही. मला तिचा चेहरा आठवत नाही, कितीही डोळे मिटले तरी नाही.

म्हातारपणी बाबांनी सगळे फोटो एका संग्रहालयाला देऊन टाकले. निगेटिव्ह तर केव्हाच खराब झाल्या होत्या. आणि परवा जेवताना सहज म्हणाले, "एका फोटोत चादरीच्या वर तिची बोटं आली होती. बांगडीसुद्धा."

माझा घास हातातच राहिला. "अहो बाबा, हे आत्ता सांगताय?"

दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गेले. चेहरा नाही तर नाही, बोटं तरी बघू. तिथल्या बाईंनी कौतुकाने एकेक फोटो दाखवला. बाबांनी बोटांचा तो फोटो बरोबर ओळखला. मशीन लख्ख, मागे चादर, आणि वर लगेच चौकट.

"वरच्या कडेला कुणाची तरी बोटं दिसत होती," बाई म्हणाल्या. "फ्रेममध्ये बसवताना कापून टाकली. आता कसं छान दिसतंय!"

"कापलीत? कुणाला विचारून?" माझा आवाज चढला. बाई बिचाऱ्या गांगरल्या. कापलेले तुकडे केव्हाच कचऱ्यात गेले होते. मला रडू आवरेना.

बाबांनी माझा हात धरला. "त्यांना कशाला बोलतेस? मीच तिच्यावर खेकसायचो. बोटं खाली घे, मशीनची शोभा जाते म्हणून."

मग त्यांनी चौकटीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं.

"दर रोलला शेवटी एखादा फोटो उरायचा गं," ते म्हणाले. "'आता माझा काढा की,' म्हणायची. मी पुन्हा मशीनचाच काढायचो."