पौषातली सावली

छतावर सोलर पॅनेल बसवण्याआधी विजेचा हिशोब ह्यांनी स्वतः केला. बसवून देणाऱ्याने सांगितलेला आकडा ह्यांना फुगवलेला वाटत होता. पॅनेलची क्षमता घ्यायची, तिला चांगल्या उन्हाच्या तासांनी गुणायचं, मग रायपूरच्या उन्हाळ्याची वजावट. पॅनेल फार तापले की वीज कमी देतात, हे मला तेव्हाच कळलं. मग कारखान्यांकडून येणाऱ्या काळ्या धुळीची वजावट. शेवटी सावलीची.

सावलीसाठी मात्र हे पौषापर्यंत थांबले. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, सावली भिंतीच्या पायाशीच बसते. पौषात तो दक्षिणेला कलतो आणि तीच सावली लांब जाते. समता कॉलोनीत आमच्या दक्षिणेला धाकट्या दिरांचं घर, मधे फक्त कठडा. आपल्या गच्चीवर आमचा खोलीएवढा उंच बांबू उभा धरून दीर दुपारभर थांबले. इकडे हे सावलीच्या टोकाशी ऑइलपेंटने खुणा करत होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा हे भावाला समजावत होते, तिथे खोली उठली तर सावली कुठवर येईल. दीर हसले.

"मी काहून येऊ दादा तुमच्या उन्हाआड?"

ह्यांनी हिशोबात सावलीपुढे शून्य लिहिलं.

पॅनेल बसले. आकडे जवळपास जुळत गेले. संध्याकाळी जिन्यातल्या मीटरपाशी ह्यांचा चेहरा खुलायचा. पुढच्या माघात हे गेले.

चैत्रात दिरांनी गच्चीवर खोली चढवायला घेतली. मुलाचं लग्न ठरलं होतं. भिंती उभ्या झाल्यावर मी सावलीचं विचारलं, तेव्हा त्यांनी मला भर दुपारी वर नेलं.

"पाहा वहिनी, पडून राहिली काय सावली?"

खरंच पडत नव्हती. मला बरं वाटलं. खोलीच्या वास्तुशांतीचं पुरण मीच वाटलं.

कार्तिकापासून वीज कमी होऊ लागली. मी पॅनेल धुतले, पुन्हा धुतले. पौषात ती ह्यांच्या अंदाजाच्या निम्मीही उरली नाही. दिरांना सांगितलं, तर पेपरातून मान वर न करता ते म्हणाले, "दादाचाच हिशोब चुकला असन."

जाऊन वर्षही न झालेल्या भावाबद्दल, इतकं सहज.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वर गेले. नव्या खोलीची सावली पॅनेलांवर आडवी पसरली होती. तिची कड ह्यांच्या फिकट झालेल्या खुणेवर येऊन थांबली होती. हिशोब चुकला नव्हता. आणि मला भर उन्हाळ्यात वर नेऊन सावली का दाखवली, तेही कळलं.

दीर पलीकडे कपडे वाळत घालत होते. तो बांबू अजून आमच्याच कोपऱ्यात होता. मी तो उचलून कठड्यावरून पुढे केला.

"भाऊजी, धरता का जरा?"

त्यांनी बांबूकडे पाहिलं, मग खुणेकडे. हात पुढे आला नाही. खाली कोणी आलंय वाटतं, असं काहीतरी पुटपुटून ते जिना उतरून गेले. बराच वेळ बांबू मीच धरून उभी होते, सावलीत.