कोरेगाव ते सांगली, डिंकाच्या लाडवांसकट

सकाळच्या गाडीत चढलो तेव्हा आमचं सामान बघून कुणालाही वाटलं असतं, या दोघी कायमच्याच निघाल्या. दोन गाऊन, वळकटी, तांब्या आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. ही सगळी तयारी माझ्या थोरल्या जावेची, अक्कांची. मी पन्नाशीला टेकलेली. पाळी जाता जाता फार रक्तस्राव होऊन मला अशक्त करून सोडत होती आणि सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. गावच्या डॉक्टरांनी गर्भाशयच काढायला सांगितलं. मी मात्र सांगलीत आणखी एकदा विचारायचं ठरवलं. अक्कांना ते थेर वाटत होते; त्यांनी ऑपरेशनचीच तयारी बांधली होती.

"इचारायचं काय त्यात? आपल्या आळीत ऱ्हायलीय का कुणाची पिशवी?" (पिशवी म्हणजे गर्भाशय.)

कराडला समोर बसलेल्या आजींनी आमची वळकटी बघितली आणि पेरू कापता कापता विचारलं, "पिशवी व्हय?" आम्ही मान हलवली. त्यांनी पेरूची मोठी फोड मला दिली.

खिडकीबाहेर ऊसच ऊस. भिलवडी मागं पडली तशी मी तपासण्यांची फाईल मांडीवर घेतली. सांगलीत रिक्षात हळदीचा वास आला, तो नकोसा झाला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर चित्रच काढलं. "तुम्ही आणलेल्या रिपोर्टात गर्भाशयाच्या अस्तरात काही वाईट नाही. गाठ लहान आहे, पाळी थांबली की बहुधा आकसेल. तोवर गोळ्या घेता येतील किंवा गर्भाशयात औषधाचं छोटं साधन बसवता येईल. नुसती गाठ काढता येते, तिचा रक्तपुरवठा बंद करता येतो. काहींना गर्भाशय काढावंच लागतं, तुम्हाला सध्या गरज नाही. मात्र पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर लगेच या. सांगा, काय करू या?"

मला विचारत होत्या! मी साधन बसवायचं ठरवलं, आणि आनंदाच्या भरात तांब्या तिथेच विसरून आले.

परतीच्या गाडीत भडंग खाल्लं, लाडवांचा डबा उघडला, अख्ख्या डब्यात वाटला. आजारपणाचे लाडू इतकं हसत कुणी खाल्ले नसतील. अक्कांनी तेवढा आपला लाडू हातातच धरला होता.

"माजी बत्तिसाव्या वर्साला काढली," त्या हळूच म्हणाल्या. "चित्तर न्हाई, कागुद न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई गं."

मी त्यांचा हात धरला. विचारायला म्हणून घराबाहेर पडावं, हे मलाही पन्नाशीतच सुचलं होतं.

कोरेगाव आलं तेव्हा अक्कांनी माझ्या फाईलमधून तो चित्राचा कागद काढून घेतला.

"माज्या सूनबाईला बी पिशवी काढायला सांगितलीया," त्या म्हणाल्या. "सोमवारी तिला घिऊन जाऊ. वळकटी नगं."