धर्माच्या गालावरचा व्रण

"ह्यो माजा घरवाला नाय!" असं म्हणून ताराने पासचा फोटो माझ्या टेबलावर टाकला. तिचा घरवाला धर्मा मागेच मान खाली घालून उभा होता.

दोघं नवापूरचे, कोळी. होडीतला आपला वाटा भावाला देऊन धर्मा तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर निघाला होता. तिथल्या हजेरीच्या टाइम ऑफिसने त्याला गेटवरूनच परत पाठवलं. रजिस्टरमध्ये 'ओळखीची खूण: उजव्या गालावर व्रण' असं लिहिलेलं, आणि फोटोतला गाल तुकतुकीत. तो तुकतुकीत मी केला होता.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. बोईसर स्टेशनजवळ आमचा दोन खोल्यांचा स्टुडिओ होता. पुढच्या खोलीत रंगवलेला पडदा, त्यावर तळं, हंस आणि दूर एक महाल. पडद्यामागे झोळीत आमची मुलगी निजायची. झोळीला झोका दिला की पडदा हलायचा आणि तळ्यावर लाट उठायची. माझे यजमान, म्हणजे हे, फोटो काढायचे, मी रिटचिंग करायची. डार्करूमच्या लाल दिव्यात ट्रेमधल्या औषधाखालून चेहरे हळूहळू वर यायचे. आम्ही दोघं शेजारी उभे राहून बघायचो. असं वाटायचं, बाहेर गाव नाही, रस्ता नाही, आम्ही दोघंच आहोत आणि माणसं आमच्याकडे पोहत येताहेत.

रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर चेहरा साफ करणं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं. काळा तीळ तिथे पारदर्शक ठिपका होतो. तो टोकदार पेन्सिलने भरला की फोटोत तीळ नाहीसा. उजळ, चकाकणारा व्रण तिथे काळा दिसतो. तो बारीक चाकूने हलकेच खरवडायचा. गिऱ्हाइकाला आपण देखणं दिसायला हवं असतं, आणि माझ्या हाताखालून गेलेला माणूस देखणा झाल्याशिवाय बाहेर पडत नसे. मला त्याची भारी घमेंड होती.

तारा बोलत होती तेवढ्यात टाइम ऑफिसचे साहेबच जीपमधून उतरले. हातात आम्हीच पाठवलेलं पासच्या फोटोंचं पाकीट.

"बाई, हे नाटकातले नट आहेत का? बेचाळीस माणसं, सगळी सख्खी भावंडं वाटतात!"

"चूक माझी, साहेब," हे म्हणाले.

मला रागच आला. "तुमची कशाला? हात माझा आहे. साहेब, मी करून देते."

"सोमवारी सकाळी भरती आत जाणार. ज्याचा पास नाही त्याच्या जागी दुसरा माणूस."

त्या दिवशी शनिवार, दुपार. साहेब गेले. धर्मा हळूच म्हणाला, "होडी बी गेली, आता हे बी जातंय का, बाय?"

मी टर्पेंटाइनची बाटली काढली. पेन्सिलीचं काम टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसलं जातं. एकेक निगेटिव्ह पुसत गेले. देवीचे वण परत आले, तीळ परत आले, कुणाची तुटकी भुवई परत आली. रविवारी दिवसभर आम्ही प्रिंट काढले. ट्रेमधून पुन्हा तीच माणसं वर आली, आता आपापल्या चेहऱ्याने.

चाकूचं काम मात्र पुसता येत नाही. खरवडलं ते गेलं. त्या बेचाळीसांत चाकू मी एकाच निगेटिव्हवर चालवला होता, धर्माच्या. म्हणून त्याला शनिवारीच पुन्हा खुर्चीवर बसवलं होतं.

यांनी दिवा बाजूला घेतला, व्रण उठून दिसावा म्हणून. तारा बघत होती. "शिडाचा दोर तुटून लागलेला," ती म्हणाली. "तवा आमचं लगीन ठरत होतं. तोंडाला फडकं बांदून मला बगायला आला. मी म्हनलं, फडकं काड. मंगच हो म्हनलं."

मी यांच्याकडे पाहिलं. यांच्या हनुवटीवर भाजल्याचा पांढरा डाग होता. रिटचिंग शिकताना पहिला चाकू मी आमच्या लग्नाच्या फोटोच्या निगेटिव्हवर चालवला होता, तो त्याच डागावर. तेव्हा हे नुसते हसले होते.

"एकच फिल्म उरली आहे," मी यांना म्हटलं. "बसा, तुमचा काढते."

हे खुर्चीकडे निघालेही. तेवढ्यात तारा म्हणाली, "आमचा दोगांचा काडशील? तेच्या बाजूला मी कदी हुबीच नाय राहिले."

यांनी खुर्ची तिच्यासाठी ओढली. "आपला काय, उद्याही होईल," हे मला म्हणाले.

रविवारी दिवेलागणीच्या आत बेचाळीस फोटो पोचते झाले. सोमवारी सगळे आत गेले. स्टुडिओ पुढे बरीच वर्षं चालला, यांचा फोटो मात्र राहून गेला. रोज कुणी ना कुणी गिऱ्हाईक यायचंच, आणि फोटोग्राफर कायम कॅमेऱ्याच्या मागे. लग्नांच्या गर्दीतले चार-दोन आहेत, त्यात चेहरा नखाएवढा.

हे जाऊन आता सहा वर्षं झाली. भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. हनुवटी स्वच्छ, काम सुरेख. नवापूरच्या घरात धर्मा व्रणासकट ताराच्या शेजारी उभा असेल. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगायची: पेन्सिल हवी तेवढी चालवा, चाकू उचलण्याआधी ज्याचा चेहरा त्याच्या घरच्या माणसाला विचारा. मला विचारणारं कुणी नव्हतं. घरचं माणूस मीच होते.