अकरावा रुमाल

मला स्वच्छतेचं वेड. आई म्हणायची, हिच्या हातात दिलं तर ही पाणीसुद्धा धुऊन देईल. त्या वेडापायी नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी अकरा गावं धुऊन टाकली.

सांगलीत जुन्या कागदपत्रांच्या एका संग्रहात मी नुकतीच लागले होते. तिथं एकेका गावाचे मोडी कागद चौकोनी कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या कापडाला रुमाल म्हणतात. हळदीच्या पेठेतली धूळ बसून त्यातले अकरा रुमाल इतके कळकट झाले होते की बघवेना. नवरात्राआधी आमच्याकडे घरोघरी दसरा काढतात, चादरी-वाकळा सगळं नदीवर जातं. मग मीही कागदांचे गठ्ठे टेबलावर नीट रचले, रुमाल विश्रामबागला घरी नेऊन सोड्यात भिजवले, कृष्णेच्या घाटावर आपटले आणि तिसऱ्या दिवशी इस्त्री करून थाटात घेऊन गेले.

साहेबांनी एक रुमाल उचलला, चारी कोपरे पाहिले. "बाई, कोपऱ्यावर शाईनं गावाचं नाव होतं."

मी म्हटलं, कागदात असेलच की. कसलं काय! कागदात जिकडेतिकडे 'मौजे मजकूर', म्हणजे सदरहू गाव. लिहिणाऱ्याला आपलं गाव ठाऊक होतं, यादी अजून व्हायची होती आणि आम्हाला सांगायला ते कापडच होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

साहेब ओरडले नाहीत. "आता वाचा. कळेपर्यंत वाचा," एवढंच म्हणाले. खरं सांगते, मोडी मी तेव्हा शिकले. कुठं ओढ्याचं नाव, कुठं शिवेवरचा देव, कुठं कुलकर्ण्याच्या अक्षराचं वळण, असं धरत धरत बारा वर्षांत दहा रुमालांना आपापली गावं परत मिळाली. फार सुखाची वर्षं होती ती. अकरावा मात्र हटून बसला. साहेब निवृत्त झाले, पुढं वारलेही. मी त्यांच्या खुर्चीत बसले, पण त्या रुमालावरची 'गाव अज्ञात' ही चिठ्ठी तशीच राहिली. जाता-येता दिसायची आणि मान खाली घालायला लावायची.

माझ्या निवृत्तीला महिना उरला होता तेव्हा साताऱ्याकडचे एक निवृत्त हवालदार आले. आधी दोनदा येऊन गेले होते. त्यांच्या गावाचं नाव यादीत नाही, म्हणून दोन्ही वेळा मीच त्यांना परत पाठवलं होतं.

"म्याडम, आई नव्वदीला आलीया. गावची हीर आमच्या घरातल्या बाईनं खांदली, म्हंती. गावात कुनी खरं मानत न्हाई. तिच्या डोळ्यादेखत कागद घावला तर लय बरं हुईल."

मी पुन्हा तेच उत्तर दिलं. उठता उठता ते म्हणाले, "आजबी बेंदराला त्या हिरीवर आदी बैल पानी पित्यात, मग मानसं. का, त्ये कुनालाच ठावं न्हाई."

"बसा," मी म्हटलं. अकराव्या रुमालातला तो कागद मला तोंडपाठ होता. एका विधवेनं विहीर खणून गावाला दिली होती आणि अट एकच घातली होती: बेंदराला, बैलांच्या सणाला, पहिलं पाणी बैलांचं.

रुमाल त्यांच्यापुढं सोडला आणि सगळं सांगितलं. "तुमचं गाव मी धुतलं, हवालदार. तुम्ही दोनदा आलात तेव्हाही ते इथंच होतं." बोलताना रडू आवरलं नाही. लाज वाटत होती आणि आनंदही मावत नव्हता.

ते कापडाचा कोरा कोपरा चाचपत होते. "दसऱ्याला न धुता सोडतंय व्हय कुनी फडकं," म्हणाले आणि आईला फोन लावून माझी करणी आधी तिच्या कानावर घातली.

मग त्यांनी फोन माझ्यापुढं धरला आणि मी कागद वाचायला लागले. विधवेच्या नावापाशी आले आणि डोळे पुसायला क्षणभर थांबले, तर पलीकडून म्हातारीनंच ते नाव घेतलं. अक्षर न् अक्षर तेच. तिला ते सासूनं सांगितलं होतं.

मग फोनमधून आवाज आला, "त्या बाईला म्हनावं, औंदा दसऱ्याला त्ये फडकं धू नगंस."

मी हो म्हटलं आणि रुमालाच्या कोपऱ्यावर शाईनं गावाचं नाव लिहिलं.