एका विकीच्या दोन वाटण्या

मित्रहो, आज दुपारी बैठकीत मी हात वर केला, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

आमच्या कंपनीची ठिबक सिंचनाच्या दुरुस्तीची सगळी माहिती एकाच विकीवर, म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायच्या ऑनलाइन वहीत, आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही शाखांनी ती मिळून लिहिली. जळगाव शाखेतून निवृत्त झालो तरी मला सल्ल्याला बोलावतात. प्रश्न होता, आता दोन विकी करायच्या का?

"आबा, धुळ्याच्या माणसाला कापसाचं पान हवं असतं अन् उघडतं तुमचं केळीचं," इंजिनिअर अश्विनी म्हणाली. "उन्हात उभं राहून किती शोधेल तो?"

खरंच होतं तिचं. मी वाटणीच्या बाजूनं हात वर केला.

ज्या शाखेनं जे लिहिलं ते तिच्याकडे, अशी वाटणी ठरली.

धुळे शाखेतले माझे जुने सोबती नाना आता नाहीत. एका पानावर त्यांनी अहिराणीत लिहिलं होतं, "आबा, झोपना का? फिल्टर परत तुंबेल शे!" खाली माझं उत्तर, तुंबलेला फिल्टर कसा साफ करायचा ते. शाळेत डावीकडची बाकं कवितेची एक ओळ म्हणत आणि उजवीकडची पुढची, तसं आमचं पानभर चालायचं.

आज नानांचा प्रश्न धुळ्याला गेला. उत्तर जळगावात राहिलं.

पलीकडची बाकं गप्प झाली, तरी आपली ओळ म्हणत राहायची का हो?